परत येणाऱ्या पैशाचा हिशेब

माझ्या क्रेडिट कार्डाचं वर्ष मार्चअखेर संपतं. एका मार्चमध्ये बँकेच्या ॲपने मला आठवण करून दिली, की आणखी ११ हजार रुपये खर्च केले तर पुढच्या वर्षाची ९९९ रुपयांची फी माफ होईल. त्या रात्री जेवणं झाल्यावर आम्ही घरातली माणसं बसलो आणि 'काय घ्यायचं राहिलंय' याची यादी करू लागलो. राहिलेलं असं काही नव्हतंच. तरी यादी झाली आणि तिच्यातून एअर फ्रायर निघाला. त्यावर ५ टक्के कॅशबॅकही होता. जूनपर्यंत तो ओट्यावर होता, मग माळ्यावर गेला. जीएसटी धरून ११७९ रुपये वाचवण्यासाठी आम्ही न लागणारी वस्तू आणली, आणि त्या दिवशी घरातल्या कुणालाही आपण पैसे घालवतोय असं वाटलं नाही. उलट वाचवतोय असंच वाटलं.

मी कर्जबाजारी माणूस नाही. बिल दरमहा पूर्ण भरतो, एकदाही तारीख चुकवलेली नाही. म्हणूनच ही गोष्ट मला अस्वस्थ करते. क्रेडिट कार्डाचे धोके सांगणारे लेख नेहमी हाताबाहेर गेलेल्या माणसाबद्दल असतात. मला हात शाबूत असलेल्या माणसाबद्दल बोलायचं आहे. पूर्वी दुकानात उभं राहिलं की मनात दोन प्रश्न यायचे: लागतं का, आणि परवडतं का. कॅशबॅकने तिसरा प्रश्न आणला: परत किती येतात? हा तिसरा प्रश्न हळूहळू पहिल्या दोघांना बाजूला सारतो. कॅशबॅकमधली खरी जोखीम इथे सुरू होते. व्याज, दंड, वसुलीचे फोन हे पुढचे टप्पे आहेत.

आधी हा पैसा येतो कुठून ते पाहू. तुम्ही कार्ड घासून १०० रुपयांची खरेदी केली की दुकानदाराच्या खात्यात १०० जमा होत नाहीत. साधारण दीड ते अडीच टक्के कापले जातात. त्यात तुमच्या बँकेचा वाटा सर्वांत मोठा. उरलेलं कार्डाचं जाळं चालवणारी कंपनी आणि दुकानदाराची बँक वाटून घेतात. आपल्या वाट्यातला एखादा रुपया तुमची बँक तुम्हाला परत करते आणि त्याला कॅशबॅक म्हणते. दुकानदाराचं म्हणाल तर काही जण स्पष्ट सांगतात, "कार्डावर दोन टक्के वर लागतील." बाकीचे बोलत नाहीत, किंमत लावतानाच ते धरून ठेवतात. म्हणजे परत येणारा रुपया बऱ्याचदा आपणच आधी किमतीत भरलेला असतो. आपल्याच खिशातली नोट कुणी रंगीत पाकिटात घालून आपल्याला द्यावी, तसं हे आहे.

फरक इतकाच की पाकीट सगळ्यांना मिळत नाही. त्याच दुकानातून तीच तूरडाळ घेणाऱ्या आणि नोटा मोजून देणाऱ्या कामवाल्या मावशी तीच किंमत मोजतात. त्यांना परत काही येत नाही. अमेरिकेत यावर अभ्यास झाला आहे. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, तिथलं रोखीने व्यवहार करणारं सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्यांच्या बाजूला सरकवतं आणि कार्ड वापरणाऱ्या कुटुंबाला ११३३ डॉलर मिळतात. हे आकडे भारताला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. इथे खात्यातून थेट जाणाऱ्या यूपीआयवर दुकानदाराला शुल्क नाही आणि कार्डांची संख्याही लोकसंख्येच्या मानाने थोडी आहे. पण पैसा ज्या दिशेने सरकतो ती दिशा तीच आहे.

आता जाहिरातीतल्या '५ टक्के' या आकड्याकडे वळू. हे ५ टक्के सहसा ठरावीक ठिकाणच्या खरेदीवर असतात आणि त्यांना महिन्याची मर्यादा असते. समजा मर्यादा १००० रुपयांची आहे. म्हणजे २० हजारांच्या खरेदीपर्यंत ५ टक्के मिळतात. तुम्ही ४० हजार खर्च केलेत तर दर अडीच टक्क्यांवर आला. शिवाय पेट्रोल, घरभाडं, विम्याचे हप्ते, सोनं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, सरकारी भरणा यांतलं बरंचसं बहुतेक कार्डांवर वगळलेलं असतं. मध्यमवर्गीय घराचा मोठा आणि अटळ खर्च नेमका याच खात्यांत असतो. कॅशबॅक मिळतो तो कपडे, हॉटेलातून मागवलेलं जेवण, सिनेमा, ऑनलाइन खरेदी यांवर. म्हणजे ज्या खर्चाला आपण मनात आणलं तर कात्री लावू शकतो, त्यावर. बक्षीस कशाला ठेवलंय हे पाहिलं की देणाऱ्याला काय हवंय ते कळतं.

आणि बक्षीस काम करतं. कार्डाने माणसाचा हात सैल होतो हे आजीबाईंचं मत म्हणून सोडून देता येणार नाही. द्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या एमआयटीतल्या दोन प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांकडून बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी बंद बोली लावून घेतली. काहींना सांगितलं की पैसे रोख द्यायचे, काहींना सांगितलं की कार्डाने. कार्डवाल्यांच्या बोलीची सरासरी रोखवाल्यांच्या दुपटीहून अधिक निघाली. हा निबंध २००१ साली प्रसिद्ध झाला. त्या प्रयोगात कॅशबॅक नव्हता, केवळ पैसे देण्याची पद्धत वेगळी होती. खिशातून नोट काढताना जी बारीकशी कळ उठते, ती कार्ड मारून टाकतं. कॅशबॅक एक पाऊल पुढे जातो आणि त्या कळीच्या जागी गुदगुल्या आणून बसवतो. खरेदी झाल्याबरोबर फोन वाजतो आणि 'तुम्ही ३७ रुपये ५० पैसे कमावलेत' असं लिहून येतं. कमावले! ७५० रुपये गेले त्याच्या निरोपाहून हा निरोप जास्त ठळक असतो. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागलं, तेव्हापासून हीच सोय चहाच्या टपरीपर्यंत पोहोचली. चहा उधारीवर आपण पूर्वीही प्यायचो, पण त्या उधारीची वही टपरीवाल्याकडे असायची आणि पान भरलं की तो तोंडावर सांगायचा. आता वही बँकेकडे आहे, आणि पान भरत आलं की बँक लिमिट वाढवून देऊ का म्हणून विचारते.

"पण मी तर बिल वेळेवर भरतो, मला काय फरक पडतो?" हा आक्षेप रास्त आहे. खरोखरच पूर्ण बिल वेळेवर भरणाऱ्या आणि कॅशबॅकसाठी एक रुपयाही जादा खर्च न करणाऱ्या माणसाचा या व्यवहारात फायदा होतो. त्याला ४५-५० दिवसांपर्यंत बिनव्याजी पैसा मिळतो आणि वर थोडी सूटही. पण हा फायदा किती मोठा आणि किती टिकाऊ, याचा कागदावर हिशेब मांडू.

समजा महिन्याला २५ हजारांचा खर्च आणि सरासरी १ टक्का कॅशबॅक. वर्षाचे ३००० रुपये झाले. ५०० रुपये फी आणि तिच्यावरचा ९० रुपये जीएसटी वजा केला तर २४१० उरले. आता वर्षातून एकदाच बिल भरायचं राहून गेलं असं धरा. दवाखाना असेल, गावाला गेला असाल, पगार उशिरा झाला असेल, किंवा नुसतं विसरला असाल. दहा दिवसांनी आठवलं आणि पूर्ण भरलंत. पण व्याज त्या दहा दिवसांचं लागत नाही. बिल चुकलं की ते खरेदीच्या तारखेपासून मोजलं जातं. सरासरी ४५ दिवस धरले, तर महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के दराने २५ हजारांवर सुमारे १२९५ रुपये व्याज होतं. त्यावर १८ टक्के जीएसटी २३३ रुपये. उशिराचा दंड ७५० धरला आणि त्यावरचा जीएसटी मिळवला तर ८८५. एकूण २४१३ रुपये. वर्षभर पै-पै करून जमवलेला कॅशबॅक एका चुकीत गेला, वर तीन रुपये खिशातून. त्या काळात केलेल्या नव्या खरेदीवरची बिनव्याजी सवलत गेली ती वेगळीच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा.

ही झाली विसरभोळ्या माणसाची गोष्ट. खरा खड्डा पुढे आहे आणि त्याचं नाव 'मिनिमम ड्यू'. बिलावर दोन आकडे असतात. एक पूर्ण रक्कम, दुसरी किमान रक्कम, जी बऱ्याचदा बाकीच्या ५ टक्क्यांच्या आसपास असते. ५० हजारांच्या बिलाखाली २५०० हा आकडा दिसला की ओढगस्तीच्या महिन्यात माणसाला हायसं वाटतं. आता पुढचं पाहा. कार्डावर नवी खरेदी पूर्ण थांबवली आणि दरमहा बाकीच्या ५ टक्के भरत राहिलात, तर एका वर्षात तुम्ही जवळपास २८,३०० रुपये भरता. वर्षअखेर बाकी उरते सुमारे ४३,९००. म्हणजे २८ हजारांहून अधिक भरूनही कर्ज उतरलं ६१०० रुपयांनी; उरलेले २२ हजार व्याजात आणि व्याजावरच्या करात गेले. केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड महिनोन् महिने, वर्षानुवर्षं लांबते आणि व्याजावर व्याज चढतं, हा इशारा प्रत्येक बिलावर छापणं रिझर्व्ह बँकेने सक्तीचं केलं आहे. सिगारेटच्या पाकिटावर चित्र असतं. हा इशारा बारीक अक्षरात असतो आणि ॲपवर पैसे भरणारा माणूस बिलाचा कागद उघडतोच असं नाही.

साडेतीन टक्के महिना हा दर महाराष्ट्राला नवा नाही. तो सावकाराच्या दाराशी ऐकू यायचा. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली, आणि त्यांचा रोख होता तो कर्जरोख्यांवर. ते कागद जाळण्यासाठी माणसं जिवावर उदार झाली होती. त्या उठावानंतर १८७९ साली कायदा आला आणि रोख्यावरच्या आकड्यापलीकडे जाऊन मूळ व्यवहार कसा झाला हे तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला. त्याच्याही आधीपासून आपल्याकडे दामदुपटीचा दंडक होता: एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करायचं नाही. आजच्या महाराष्ट्रातही परवानाधारक सावकाराला मोकळं रान नाही. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सरकारने ठरवलेल्या दरांनुसार, बिगरशेतकऱ्याला विनातारण दिलेल्या कर्जावर तो वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेऊ शकत नाही. कार्डावर ४२ ते ४५ टक्के आकारणाऱ्या बँका या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत.

राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये असा निवाडा दिला होता, की कार्डावर ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निवाडा रद्द केला. बँकांच्या व्याजदराचं नियमन हा रिझर्व्ह बँकेचा विषय आहे, आयोगाचा नाही, अशी न्यायालयाची भूमिका. बँकिंग नियमन कायद्यातलं कलम २१अ हेही सांगतं, की व्याज जास्त आहे एवढ्याच कारणावरून बँकेचा व्यवहार कोर्टात पुन्हा उघडता येत नाही. कायद्याच्या चौकटीत हे सुसंगत असेल. पण कार्ड वापरणाऱ्याने त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा: १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्याला मिळालेली दाद आज तुम्हाला नाही. दर कितीही वाटला तरी तो तुम्ही सही करून मान्य केलेला आहे.

म्हणून 'मी वेळेवर भरतो' या वाक्यातला 'मी' किती भरवशाचा, हे पाहायला हवं. वेळेवर भरणं हा जितका स्वभावाचा भाग, तितकाच पगार वेळेवर होण्याचा भाग आहे. नोकरी गेली, घरात ऑपरेशन निघालं, दुकानाचं येणं अडकलं, की काल कॅशबॅक मोजणारा माणूस आज मिनिमम ड्यू मोजू लागतो. ही दोन जातींची माणसं नसतात; एकाच माणसाचे वेगवेगळे महिने असतात. मला महिन्याला मिळणारे अडीचशे रुपये काही अंशी त्या दुसऱ्या महिन्यातल्या माणसाच्या व्याजातून येतात, हे मला विसरता येत नाही.

भारतात चालू क्रेडिट कार्डांची संख्या २०२४ च्या सुरुवातीलाच १० कोटींपुढे गेली. त्याआधी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, रिझर्व्ह बँकेने कार्डांवरच्या येण्यासाठी बँकांचा जोखीमभार १२५ वरून १५० टक्के केला. म्हणजे अशा प्रत्येक रुपयामागे बँकेने जास्त भांडवल बाजूला ठेवायचं. बँकांच्या बँकेला हे कर्ज अधिक धोक्याचं वाटतं. आपण ग्राहकांनी मात्र त्याला बचतीचं साधन म्हणून घरात आणलं आहे.

'नो कॉस्ट ईएमआय'चीही हीच कथा. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना लिहून कळवलं होतं. तरी योजना नाव बदलून चालू आहे. व्याज लागतंच, तेवढीच रक्कम सूट म्हणून वजा दाखवली जाते. व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याकडून जाते, रोख घेतल्यावर दुकानदाराने जी सूट दिली असती ती बुडते, आणि हप्त्यावर घेतलेल्या वस्तूला बहुतेकदा कॅशबॅकही नसतो.

मग कार्ड कापून टाकावं का? मी कापलेलं नाही. ऑनलाइन व्यवहारात फसवणूक झाली तर बँक खात्यातले पैसे आधी जातात आणि मग भांडावं लागतं; कार्डावर वाद घालायला थोडी उसंत मिळते. दवाखान्यात रात्री अनामत भरायची वेळ आली तर कार्ड उपयोगी पडतं. ही खरी कामं आहेत आणि त्यांसाठी एक कार्ड पुरतं. ते ठेवायचं तर काही गोष्टी ठरवून टाकाव्यात. बिल आपोआप भरण्याची सूचना बँकेला द्यावी, आणि ती देताना 'पूर्ण रक्कम' निवडलीय ना हे डोळ्यांनी पाहावं. लिमिट पगाराच्या आत ठेवावी. तुमच्या संमतीशिवाय बँकेला ती वाढवता येत नाही. कार्डावर एटीएममधून रोख कधीच काढू नये, तिथे पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. एकदा बाकी तुंबलीच तर मिनिमम ड्यूच्या चक्रात फिरण्यापेक्षा कमी दराचं वैयक्तिक कर्ज किंवा सोनेतारण घेऊन ती एकरकमी मिटवावी आणि ती मिटेपर्यंत कार्ड कपाटात ठेवावं. कार्ड बंद करायचं असेल तर, बाकी नसताना, अर्ज दिल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने ते बंद करायला हवं. नंतरच्या प्रत्येक दिवसाला तुम्हाला ५०० रुपये देणं तिच्यावर बंधनकारक आहे. हा नियम २०२२ पासून आहे, पण तो काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही.

आणि कॅशबॅक? तो आला तर घ्यावा, पण खरेदीच्या आधी त्याचा विचार मनात येऊ देऊ नये. एक साधी कसोटी मी स्वतःला लावून घेतली आहे: हीच वस्तू रोख, पूर्ण किमतीला, काहीही परत न मिळता घेतली असती का? उत्तर 'हो' असेल तर घ्यायची. 'नाही' असेल, तर ५ टक्के परत मिळवण्यासाठी मी ९५ टक्के घालवणार आहे.

आमचा एअर फ्रायर अजून माळ्यावरच आहे. या मार्चमध्ये ॲपने पुन्हा तीच आठवण केली. मी ११७९ रुपये फी भरली आणि काहीही विकत घेतलं नाही. इतक्या वर्षांत त्या कार्डावर मी केलेली ती पहिली बचत.